पंचांपुढे वाचलेला कागद

माझा भाऊ जेलात फार चांगला होता. टोमणा मारत नाही, खरंच सांगते. तिथे त्याचं कोणाशी भांडण नाही, तंटा नाही, तोंडात शिवी नाही. सकाळची घंटा व्हायच्या आधी उठून बसायचा, घोंगडीची अशी घडी करायचा की तिला कोपरे फुटायचे. त्याला सतरंजी विणायला शिकवली होती. पुढे दुसऱ्या कैद्यांवर देखरेख करायलाही नेमलं होतं. आमच्या अख्ख्या खानदानात सरकारी नेमणूक मिळालेली दोनच माणसं, एक मी शाळेत आणि एक तो जेलात. हसा बापा, मीही एकेकाळी हसायची.

घरी मात्र तो तसा नव्हता. आमचं गाव आरमोरीपासून तीन कोसांवर, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भोवती पाळ घातलेली भाताची शेतं, आणि वर एक जुना तलाव. बाप लवकर गेला. भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, तेव्हा बापाच्या जागी तोच. त्याचा राग सगळ्या गावाला माहीत. एकदा कोतवालाचा हात मोडला म्हणून सहा महिने आत जाऊन आला. गाव म्हणालं, आता धडा मिळाला. मिळाला होता ना! सहा महिने म्हणजे काही फार नाही, हा धडा त्याला मिळाला होता. त्यानंतर चार वर्षांनी तलावाच्या पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या कास्तकाराला त्याने शेताच्या धुऱ्यावरच फावड्याने मारलं. तो माणूस घरी पोचलाच नाही. भावाला दहा वर्षांची सजा झाली. त्याची पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाची बाजू कोण घेईल? मी घेतली. का घेतली ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सोळाव्या वर्षी मी विधवा झाले. सासरच्यांनी मला गोठ्यात झोपवलं होतं. भाऊ बंडी जुंपून आला, अंगणात उभा राहिला, खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली आणि म्हणाला, "माह्या बहिणीचं सामान बांधा." दुसरा शब्द नाही. सामान बांधलं गेलं. घरी आणून त्याने मला शाळेत घातलं, ट्रेनिंगला पाठवलं, जातीतले लोक बोलले तर त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. मी आरमोरीला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले ती त्याच्या रागाच्या जोरावर. ज्या रागाने एका घरचा कर्ता माणूस मारला, त्याच रागाची भाकर मी खाल्ली. म्हणून मला तो राग कधी पुरता वाईट दिसलाच नाही. आंधळी होते मी, दुसरं काय.

वहिनी आंधळी नव्हती. तिच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, ते भावामुळे. तो आत गेल्यावर तिने एकटीने शेती केली. नांगराला माणूस लावायची, बाकी सगळं स्वतः. रोपांसाठी परे टाकणं, ती रोपं लावायचा रोवणा, निंदण, कापणी, मग मळणीचा चुरणा. कोणत्या बांधीला आधी पाणी द्यायचं, कोणती फुटते, कुठे खेकडे पाळ पोखरतात, ते तिच्या पायांना माहीत झालं होतं. पोरगी मी माझ्याजवळ आरमोरीला शाळेत घातली. सुटीत आम्ही दोघी गावी जायचो. वहिनी धान पाखडता पाखडता गाणं म्हणायची. लग्न झाल्यापासून तिला गाताना मी ऐकलं नव्हतं. एवढ्यावरून तरी मला समजायला हवं होतं.

सहा वर्षांनी जेलातून विचारणा आली. कैद्याची वर्तणूक चांगली आहे, घरची आणि गावची माणसं हमी घेत असतील तर उरलेली सजा माफ होऊ शकते, असा मजकूर. सोबत एक छापील दाखला आणि हमीचा कोरा कागद. मी आनंदाने वेडी झाले. शाळेतून दोन दिवसांची रजा काढून गावी गेले, तर वहिनी सुपातलं धान तसंच ठेवून म्हणाली, "बाई, मले काडीमोड पाहिजे."

आमच्या जातीत तेव्हा नवराबायकोचं तुटायचं असलं की पंचांपुढे गवताची काडी मोडत. काडी मोडली की बाई मोकळी, हवं तर दुसरा पाट लावावा, नाहीतर एकटी राहावं. खून करून जेलात गेलेला माणूस जातीबाहेर असतो, तेव्हा त्याच्या बायकोला काडी मोडून मागता येत होती, त्याच्या होकाराची गरज नव्हती. पण एकदा तो सुटून आला, नदीवर मुंडण-आंघोळ झाली, जातीची पंगत उठली आणि बायकोने त्याच्या ताटातलं उष्टं खाल्लं, की तो पुन्हा जातीत. मग त्याच्या मर्जीशिवाय काडी मोडत नाही. हे वहिनीला नेमकं ठाऊक होतं. म्हणजे तिच्या हातात तेवढेच दिवस होते, तो येईपर्यंतचे.

मी किती बोलले तिला! आता सांगायला लाज वाटते. "वयनी, सहा वर्सं थांबली, अन् आता सोडते? लोक थुंकतीन. पोरीचं लगन कोण करंन? घर नसंन तर सरकार त्याले सोडन का?" शेवटचं खरं होतं. हमी द्यायची तर घर लागणार होतं, आणि घर म्हणजे वहिनी. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुमचा भाऊ हाय तो, बाई. माहा नवरा हाय. दोन अलग माणसं हायेत ते." तीन दिवस झाले तरी ती हलली नाही. रजा संपली होती, तरी मी थांबले.

रविवारी सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. वहिनी बाजूला, पदर ओढून, हातात गवताची काडी घेऊनच आली होती. पंचांमधला म्हातारा मला म्हणाला, "बाई, तो जेलाचा कागद वाचा आधी. सरकार काय म्हणते ते पाहू." पटवारी बाहेरगावी गेलेला. तिथे वाचता येणारी मी एकटी.

कागदात काय होतं ते मला आजही पाठ आहे, होतंच कितीसं! नाव, वय, गुन्हा, सजा. अंगावरच्या खुणा. वर्तणूक, चांगली. शिकलेलं काम, सतरंजी विणणे. खाली सही आणि शिक्का. बस.

मी ते सगळं वाचलं आणि थांबले नाही. त्याच आवाजात, त्याच सरकारी चालीत पुढे म्हणाले, "कैद्याचा राग पूर्णपणे गेला असून तो कोणासही इजा करणार नाही."

पंचांनी माना हलवल्या. वहिनीने पदर वर केला. माझ्याकडे सरळ पाहिलं तिने. "तसं लिहलं हाय, बाई?"

"लिहलं हाय."

"सरकारनं?"

"हो."

ती म्हणाली, "सरकारले सहा वर्सं दिसला तो रोज. मले तर सहा वर्सांपासून दिसलाच नाई. बदलला असंन." काडी तिने तिथेच मातीत टाकली आणि हमीच्या कागदावर अंगठा दिला. शाई मीच लावली.

मी स्वतःला समजावलं की हे खोटं नाही, वर्तणूक चांगली याचाच हा अर्थ. मास्तरीण ना मी, अर्थ समजावून सांगणं माझं कामच! अगं सटवे, शब्दाचा अर्थ सांगणं वेगळं आणि माणसाचा जामीन राहणं वेगळं, पण ते तेव्हा कोण ऐकतं.

त्याला आणायला मी नागभीडच्या स्टेशनावर गेले. गाडीतून उतरला तर मी ओळखलंच नाही. केस पांढरे, मान खाली. मला पाहून त्याने हात जोडले, बहिणीला! वैनगंगेवर न्हावी बसला, मुंडण झालं, त्याने तीन बुड्या मारल्या. गावात पंगत झाली. वहिनीने पहिलं त्याला वाढलं आणि त्याच्या ताटातलं खाल्लं. म्हाताऱ्या पंचाच्या डोळ्यांत पाणी आलं. जेलवाल्यांनी तो सुधारला असं लिहून दिलं असं जातीला वाटत होतं. जात त्याला वळणावर ठेवील असं जेलवाल्यांना वाटत असणार. मला दोन्हीकडचं वाटत होतं. एकाने दुसऱ्याच्या भरवशावर सोडलेला माणूस तो, आणि खरा भरवसा ज्या बाईच्या जिवावर होता तिला तर मी फसवलेलं.

पहिले काही महिने पाहण्यासारखे होते. कोंबडा आरवायच्या आधी उठायचा, घोंगडीची घडी घालायचा. ताट घेऊन चुलीपुढे उकिडवा बसायचा आणि वाढेपर्यंत मान वर करायचा नाही. परसाकडे जायचं तरी वहिनीला विचारायचा, "जाऊ का?" गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पुरुष म्हणायचे, "पाहा, जेलानं माणूस बनवला." मी दर रविवारी जायची आणि वहिनीपुढे मिरवायची, "पाह्यलं का?" एकदा ती भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, तो अजून तिथीच हाय. घरी आलाच नाई तो. येईन तवा समजंन."

मी म्हटलं, "तुह्या तोंडाले काही चांगलं येत नाई."

सतरंजीचं काय झालं तेही सांगते. सहा वर्षं हात बसलेला. मी म्हटलं, आरमोरीला विणकर आहेत, तू माग टाक, मी पाहते कुठे मिळतो. तर जातीतले म्हणाले, ते कोष्ट्याचं काम, कास्तकाराने करू नये. तोही म्हणाला, "मी काय कैदी हाव, सतरंजी विणाले?" झालं. तिथे शिकवलेलं काम इथे चालेना आणि इथलं काम करायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. इथलं काम म्हणजे नांगर नव्हे. नांगर त्याला येत होता. कोणी "नाही" म्हटलं तर ते ऐकून घेणं, हे इथलं काम. जेलात त्याला नाही म्हणायला होतं कोण? तिथे हुकूम असतो. हुकूम झेलायला तो पटकन शिकला. बायको हुकूम देत नाही, ती सांगते, आणि सांगणं त्याला कधीच झेपलं नाही.

हळूहळू तो घरी येऊ लागला. आधी विचारणं बंद झालं. मग घोंगडी पडून राहू लागली. मग एक दिवस भाजीत मीठ कमी म्हणून ताट अंगणात गेलं. मला पोरीने सांगितलं, सुटीत गेली होती तेव्हा तिने पाहिलं. मी म्हटलं, ताटच ना? ताट फेकत नाही असा पुरुष दाखव मला गावात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मला त्या दिवशी आठवलं आणि मी ते झटकलं. वहिनी एकदा पायी आरमोरीला आली, तीन कोस. शाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "आता काडी मोडता नाई येत ना, बाई?" मी म्हटलं, "आता तो नाई म्हणंन." ती म्हणाली, "हो, तेच." पाणी प्यायली, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत गेली. मी तिला ठेवून घ्यायला हवं होतं. खोली होती, भात होता, सगळं होतं माझ्याकडे. त्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते म्हणून मी घाईत होते. तपासणीला!

श्रावणात रोवणा चालू होता. दहा-बारा बाया बांधीत वाकलेल्या. भाऊ म्हणाला, वरच्या बांधीत चला. वहिनीच्या तोंडातून सवयीने निघून गेलं, "आधी खालची, वरचीत पाणी टिकत नाई." आणि बाया सवयीनेच तिच्या मागे खालच्या बांधीकडे वळल्या. सहा वर्षं तिचंच ऐकत होत्या त्या. कोणी मुद्दाम त्याचा अपमान केला नाही. एवढंच झालं होतं. त्याच्या हातात फावडं होतं.

बंडीत घालून तिला आरमोरीच्या दवाखान्यात आणलं. पाच दिवस जगली. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आली तेव्हा मी उजव्या बाजूला बसले, ऐकू येणाऱ्या कानाशी. मला सांगायचं होतं. रात्रंदिवस तेच एक तोंडात घोळत होतं, वयनी, तसं लिहलं नव्हतं. मी तोंड उघडलं, तर तीच बोलली. "तुम्ही रडू नका, बाई. कागद लिहणाऱ्याले काय मालूम? त्यानं त्याले घरी कुठी पाह्यलं होतं? बिचाऱ्याले जसा दिसला तसं लिहलं."

बिचाऱ्याला म्हणाली. ज्याने ते कधी लिहिलंच नाही त्याला तिने माफ केलं. आणि मी, जिने केलं, ती गप्प राहिले. मरणाऱ्या बाईला कशाला त्रास, असं मनाशी म्हटलं. मनाला काय, ते काहीही म्हणतं. भ्याड होते मी, माफी तिच्या तोंडून मिळत होती ती दुसऱ्याच्या नावावर का होईना, मला हवी होती. पाचव्या दिवशी ती गेली.

कोर्टात मला दाखल्याचं कोणी काही विचारलं नाही. सगळे म्हणत होते फाशी होणार. त्याला ती व्हावी असं मला वाटत होतं का? हो, वाटत होतं. जन्मठेप झाली ते ऐकून मला हायसं वाटलं का? तेही वाटलं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीची मला किळस येते.

वर्षभराने मी त्याला भेटायला गेले. जेलर भला माणूस होता. खुर्ची दिली, म्हणाला, "तुमचे भाऊ आल्यापासून सतरंजीच्या कामाला वळण लागलं. असे कैदी मिळत नाहीत." मला वाटलं, टेबलावरचं दौतदान उचलून भिंतीवर मारावं. त्या वेळी पहिल्यांदा मला आमच्या घराण्याचा राग माझ्या हातात जाणवला. मी हात मांडीखाली घेतले.

भाऊ जाळीपलीकडे आला. अंग भरलं होतं. मान खाली, हात जोडलेले. मी म्हटलं, "इथी तुले कधी राग येत नाई?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "नाई येत, बाई. इथी माहं काहीच नाई. बांधी नाई, बैल नाई, बायको नाई. राग कशाचा येईन? घरी सारं माहं होतं."

लोक मला विचारतात, तुम्ही शिकलेल्या, सांगा, जेलात माणूस सुधारतो का? सुधारतो ना. जेलापुरता सुधारतो. ज्याचं त्याच्याजवळ काहीच नाही अशा जागी ठेवला की वाघसुद्धा गाय होतो. आणि मग त्याला परत पाठवतात, जिथे सगळं त्याचं आहे तिथे, आणि त्या सगळ्यात एक जिवंत बाई असते. यावर उपाय काय ते मला ठाऊक नाही. जित्याची खोड वगैरे म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला संताप येतो, आणि माणूस बदलतो म्हणणाऱ्यांचा त्याहून जास्त. मी त्यांच्यातलीच होते.

घरी आले तेव्हा दुपार होती. पोरगी शाळेतून येऊन ओसरीवर पाटी घेऊन बसलेली. अकरा वर्षांची. बापाचं नाव ती काढत नसे. त्या दिवशी तिने विचारलं, "आत्या, जन्मठेप म्हणजे जनमभर?"

मी पुष्कळ खोटं बोलले होते. म्हटलं, हिच्याशी नको. "नाई," मी म्हटलं. "चौदा-पंधरा वर्सं. चांगला वागला तर त्याहून कमी."

"तो चांगलाच वागते तिथी," पोरगी म्हणाली. पाटीवर तिने आपलं वय आणि ती वर्षं मांडली, खाली रेघ ओढली, बेरीज केली. मी शिकवल्याप्रमाणे, एककाखाली एकक लिहून. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

"आत्या, मग माहं लगन इकडं नको करजो. आलापल्लीच्याही पलीकडं देजो. तिकडं सागाचं जंगल लय दाट हाय म्हणते. त्याले रस्ता नाई सापडन."

मी म्हटलं, बरं.